घरावरचे संकट

दर धनत्रयोदशीला आमच्या घरी एक विनोद ठरलेला आहे. चकलीची भाजणी मळता मळता सौभाग्यवती विचारतात, "मग, यंदा सोनं किती तोळे घ्यायचं?" आणि मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, "यंदा राहू दे. पुढच्या वर्षी भाव उतरतील." भाव काही उतरत नाहीत आणि विनोदही काही जुना होत नाही. शाळामास्तराच्या घरातला विनोद त्याच्या घरातल्या भांड्यांसारखा असतो. पोचे पडले तरी तो कोणी टाकून देत नाही.

गेल्या वर्षी मात्र आम्ही धनत्रयोदशीला खरोखरीच सोने आणले. त्याचे असे झाले. आमची धाकटी चौथीत होती. शाळेत मुलांनी फटाके न उडवण्याची शपथ घेतली होती, आणि मोठ्यांच्या शपथा जितक्या सैल असतात तितक्याच लहानांच्या घट्ट असतात. घरी येऊन तिने जाहीर केले, "बाबा, मला फटाके नकोत. त्या पैशांचा मासा आणा." फटाक्यांनी पाखरे घाबरतात, कुत्री सैरावैरा पळतात, म्हणून फटाके नकोत, त्याऐवजी एक जीव पाळायचा. कोणत्या बापाला या मागणीचा अभिमान वाटणार नाही? त्यातून मी पडलो शिक्षक. पोरीचे हे शहाणपण मी शिक्षकांच्या खोलीत दोनदा तरी सांगितले असेल.

धनत्रयोदशीला दुपारी आम्ही बापलेक वाईहून एस.टी.ने साताऱ्याला गेलो आणि दोन सोनमासे घेऊन आलो. दुकानदार त्यांना गोल्डफिश म्हणत होता. पाण्याने अर्धी भरलेली, तोंडाला रबर आवळलेली प्लॅस्टिकची पिशवी धाकटीने येताना सबंध वाटभर मांडीवर धरली होती. सोबत काचेचे एक गोल भांडे घेतले आणि खाद्याच्या दाण्यांची एक डबी. दोन्ही माशांपेक्षा भांड्यालाच पैसे अधिक पडले. दुकानदार म्हणाला, "काही त्रास नाही हो याचा. दोन वेळा चिमूटभर दाणे टाका, पाणी गढूळ झालं की बदला." एवढ्या थोड्या शब्दांत जगातले कोणतेही शास्त्र सांगून होत नाही, ही गोष्ट वीस वर्षे शिकवून मला ठाऊक असायला हवी होती. पण घेणाऱ्यालाही थोडक्यातच हवे होते.

एकाचे नाव सोन्या ठेवले. दुसऱ्याच्या पोटाखाली पांढरी झाक होती, म्हणून तो रुप्या झाला. बैठकीच्या खोलीत, दिव्याच्या उजेडात ते भांडे ठेवले तेव्हा घरातली इतर सगळी आरास फिकी पडली. आकाशकंदिलाकडे कोणी पाहीना.

दिवाळीत घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता असतो. जो येई तो आधी भांड्यापाशी जाई. आम्ही त्याच्यापुढे फराळाची बशी ठेवत असू आणि तो माशांपुढे दाण्यांची चिमूट. पाहुण्यांच्या पोरांनी तर डबी खाली ठेवलीच नाही. पाडव्याच्या सुमारास पाण्याला दुधी रंग आला. मी शास्त्र मॅट्रिकला सोडले ते सोडलेच; पण स्वच्छतेचे महत्त्व मुलांना दर वर्षी शिकवतो. मी सगळे पाणी ओतून दिले, भांडे मीठ लावून लखलखीत घासले आणि नळाचे ताजे पाणी काठोकाठ भरले. त्या दिवसांत नळाला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास येत होता. पाणी निर्मळ असल्याची ती खूण आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

भाऊबीज उलटून गेल्यावर सोन्या पाण्याच्या वरच्या कडेशी येऊन तोंड उघडू-मिटू लागला. आमच्या मेहुण्यांना ती गंमत फार आवडली. "बघा, रामराम करतोय!" असे म्हणून त्यांनी त्याला उलट रामराम केला आणि बक्षीस म्हणून दोन दाणे जास्त टाकले. मग तो खेळच झाला. सोन्या रामराम करी आणि आम्ही दाणे टाकत असू.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी पहाटे सोन्या आडवा होऊन तरंगत होता.

धाकटीने रडून घर डोक्यावर घेतले. आम्ही परसात पारिजातकाखाली खड्डा करून त्याला पुरले. संध्याकाळी लग्नासाठी ऊस, चिंचा, आवळे घेऊन शेजारच्या काकू आल्या. पोरीचे सुजलेले डोळे पाहून त्यांनी चौकशी केली आणि तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "अगं, रडायचं नाही. मासा असा जातो ना, तो घरावरचं संकट आपल्या अंगावर घेऊन जातो. परवा तुझी आजी न्हाणीत पडली, पण काही मोडलं का? नाही ना? ते त्यानं घेतलं."

ही समजूत काही काकूंची एकटीची नव्हे. मासे पाळणाऱ्या पुष्कळ घरांत ती आहे. तिच्यासाठीच मासे आणणारीही माणसे मी पाहिली आहेत. आणि आमची आई खरोखरच दोन दिवसांपूर्वी पडली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, ओल्या फरशीवर घसरली आणि खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर एक प्रकारचे समाधान आले. मरणाला अर्थ मिळाला की माणसाला हायसे वाटते.

धाकटीने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून विचारले, "खरंच का हो, बाबा?"

मी मान हलवली. म्हणजे होकारार्थीच हलवली.

त्या रात्री तुळशीवृंदावनापाशी दिवे विझत आले तरी मला झोप येईना. काकूंच्या बोलण्यात लबाडी मुळीच नव्हती. एका रडणाऱ्या पोरीला त्यांनी हाताशी होता तो दिलासा दिला. माझ्या मनाला लागली ती माझी हललेली मान. सोन्या कशाने गेला हे मला ठाऊक नव्हते. पण तो आईच्या पायाखालच्या फरशीमुळे गेला नाही, एवढे निश्चित ठाऊक होते. तरी मी मान हलवली, कारण ती हलवण्यात सोय होती. आणि भांड्यात रुप्या वर येऊन तोंड उघडू-मिटू लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या शिक्षकांना गाठले. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण विषयात मुरलेला माणूस. त्यांनी पहिला प्रश्न केला, "भांडं केवढं आहे?" मी हाताने दाखवले. "पाणी?" "असेल चार-पाच तांबे." ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो, तेव्हा नाकाला झोंबणारा धूर निघतो ना? त्यात अमोनिया असतो. मासा श्वास घेतो त्याच कल्ल्यांतून हा अमोनिया पाण्यात सोडत असतो. उरलेलं अन्न कुजलं की त्यातूनही तोच तयार होतो. नदीत, तळ्यात त्याचं काही वाटत नाही. तुमच्या भांड्यात तो जाणार कुठं?"

मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवावे तसे सगळे समजावून दिले. पाण्यात, दगडांवर, वाळूवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते मासा पुष्कळ प्रमाणात सोसू शकतो. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते आणि थोडे थोडे पाणी बदलत राहावे लागते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माणसाचे रक्षण करते. पण तेच माशाचे कल्ले जाळते आणि त्या जिवाणूंनाही मारते. मी भांडे मीठ लावून घासले तेव्हा जी काही वस्ती बसू पाहत होती ती मीच धुऊन काढली होती. शिवाय सोनमाशाला जठर नसते. खाल्लेले पुढे सरकत जाते आणि समोर दिसेल तोवर तो खात राहतो. त्याची भूक पाहून त्याला खायला घालू नये.

"आणि ते तोंड वर काढून उघडमीट करणं?" मी विचारले.

"ते होय? गुदमरत होता तो."

ते सहज बोलून गेले. पुढच्या तासाची घंटाही झाली. मी मात्र जागचा हललो नाही. आठ-दहा दिवस एक जीव आमच्या बैठकीच्या खोलीत सर्वांच्या डोळ्यांदेखत हवेसाठी तडफडत होता आणि आम्ही त्याला रामराम करत होतो. जे विष त्याला मारत होते त्याचीच चिमूट आम्ही त्याला बक्षीस म्हणून देत होतो.

हा मासा नाजूक असता तरी मनाची थोडी समजूत पटली असती. पण सोनमासा भलता चिवट. थंड मुलखात तळी गोठली आणि बर्फाखालच्या पाण्यातला प्राणवायू संपला, तरी तो दिवसच्या दिवस तग धरतो. शरीरात साठणाऱ्या आम्लाचा तो मद्यार्क करतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ही किमया कशी घडते ते ऑस्लो आणि लिव्हरपूल येथील संशोधकांनी २०१७ साली उलगडून दाखवले. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका कुटुंबात १९५६ साली जत्रेत जिंकून आणलेला 'टिश' नावाचा सोनमासा १९९९ साली वारला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. बर्फाखाली गोठून न मरणारा जीव आमच्या घरी मायेच्या माणसांत पंधरा दिवससुद्धा टिकला नाही.

आता प्रश्न असा की, यात आमचा दोष किती?

माझे एक स्नेही वकील आहेत. त्यांचे म्हणणे, दोष मुळीच नाही. हेतू शुद्ध होता. कोणी मुद्दाम केले नाही. हेतूवाचून पाप नाही, हे आपल्याकडे धर्मानेही मानले आणि कायद्यानेही. त्यांचे बोलणे मला पटत होते. पटावे अशीच माझी इच्छा होती. पण अशा वेळी मला हटकून दशरथ राजा आठवतो.

श्रावणाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. रात्रीची वेळ, नदीकाठ, आणि पाण्यात बुडणाऱ्या घड्याचा आवाज. दशरथाला तो पाणी पिणाऱ्या हत्तीचा आवाज वाटला. त्याने शब्दवेधी बाण सोडला. त्याचा हेतू मुलाला मारण्याचा होता काय? मुळीच नाही. त्याने चुकीचा ऐकला तो फक्त एक आवाज. आम्हीही एका जिवाची एक खूणच चुकीची वाचली होती. वकील म्हणून कोणी दशरथाच्या बाजूने उभा राहिला असता, तर त्याला निर्दोष सोडवणे कठीण गेले नसते.

पण दशरथ स्वतःसाठी ती वकिली करत नाही. ज्या पाण्यासाठी तो मुलगा आला होता तेच पाणी घेऊन तो त्याच्या आंधळ्या आईबापांकडे जातो आणि जे घडले ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. वाल्मीकींच्या रामायणात तो वृद्ध पिता म्हणतो की, तू आपण होऊन हे सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. म्हणजे न कळत घडल्याची सूट त्याला मिळाली. पण ती मिळाली कबुली दिल्यानंतर. आणि एवढ्यानेही सगळे फिटले नाही. पुत्रशोकाचा शाप त्याला भोगावाच लागला. रचणाऱ्याला मनुष्याचे मन किती नेमके कळले होते! अज्ञानाने अपराध हलका होतो, नाहीसा होत नाही. ज्याला दिसत नाही त्या दिशेला बाण सोडायचाच नसतो, एवढी शिस्त राजालाही असावी लागते.

तसे पाहिले तर माझ्या हातून सुटलेला हा पहिलाच बाण नव्हता. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसत असे. पहिल्या तासालाच त्याची मान खाली पडे. मी त्याला 'कुंभकर्ण' म्हणत असे आणि सारा वर्ग खो खो हसे, तोही हसे. मला वाटे, त्यालाही गंमत वाटते आहे. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की बाप अंथरुणाला खिळलेला होता आणि पोरगा पहाटे तीनला उठून दुधाच्या किटल्या पोचवत असे. त्याच्या त्या हसण्याचा अर्थ मी कोणाला विचारला नव्हता. सोन्याच्या रामरामाचाही विचारला नव्हता. जो बोलू शकत नाही, किंवा बोलण्याची ज्याला भीती वाटते, त्याच्या वतीने अर्थ लावण्याचे काम आपल्याकडे येते. आणि आपल्याला सोयीचा असतो तोच अर्थ आपण लावतो.

इटलीतील मोंझा या शहराच्या नगरपालिकेने २००४ साली गोल भांड्यात सोनमासे ठेवण्यास बंदी केली. कारण दिले ते मोठे गमतीचे होते. वाकड्या काचेतून माशाला बाहेरचे जग वेडेवाकडे दिसते आणि असे विपर्यस्त जग पाहायला लावणे ही क्रूरता आहे. पुढच्याच वर्षी रोम शहरानेही गोल भांड्यांवर बंदी आणली. स्टीफन हॉकिंग यांनी लिओनार्ड म्लोडिनॉव यांच्यासह २०१० साली लिहिलेल्या 'द ग्रँड डिझाइन' या ग्रंथात मोंझाची ही हकीकत सांगून विचारले आहे की, आपण पाहतो ते जग तरी सरळ काचेतले कशावरून? थोर शास्त्रज्ञाचा प्रश्न विश्वाबद्दलचा आहे. मला त्यातला घरापुरताच भाग कळतो. काच दोन्ही बाजूंनी वाकडी असते. आतून त्याला आम्ही वेडेवाकडे दिसत असू. पण बाहेरून आम्हाला तो रामराम करताना दिसत होता, त्याचे काय?

आठवडाभराने मी धाकटीला जवळ बसवून सगळे सांगितले. अमोनिया, कल्ले, ब्लीचिंग पावडर, मीठ लावून घासलेले भांडे, सगळे. सांगताना माझा आवाज शाळेतल्यासारखा होऊ लागला. तो मी मोठ्या कष्टाने घरातल्यासारखा ठेवला. शेवटी म्हणालो, "त्या दिवशी मी मान हलवली ना, ती खोटी हलवली."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "म्हणजे घरावरचं संकट त्यानं घेतलं नाही?"

"नाही."

"त्याच्यावरचं संकट आपण होतो?"

या प्रश्नाला मी मान हलवली नाही. तोंडाने "हो" म्हटले. ती रडेल असे मला वाटले होते. तिने रडण्याऐवजी विचारले, "मग आता रुप्याचं काय करायचं?"

त्या क्षणी मला कळले की पश्चात्तापात मोठी माणसे किती वेळ घालवतात! मी आठवडाभर दशरथापाशी अडकून पडलो होतो. पोर सरळ जिवंत माशाकडे वळली.

रुप्याचे काय करायचे याचे उत्तर मेहुण्यांनी तत्काळ दिले. "कृष्णामाईत सोडून द्या. त्याचीही सुटका, तुमचीही. वर पुण्य!" ऐकायला ते फार गोड वाटले. नदीकाठच्या गावात राहणाऱ्याला तर पायऱ्या उतरण्याचाच काय तो अवकाश. पण एकदा हात पोळला की माणूस चहासुद्धा फुंकून पितो. मी या वेळी आधी विचारले, वाचले, आणि जे कळले त्याने चकित झालो.

सोनमासा कोणत्याही नदीचा नव्हे. तो माणसाने घडवलेला आहे. चीनमध्ये मिळणाऱ्या एका करड्या, मातकट रंगाच्या माशात मधूनच एखादा तांबूस-सोनेरी निपजत असे. पकडलेले जीव सोडून देणे हे तिथल्या बौद्धांत पुण्याचे काम. असे सोनेरी मासे लोक मठांच्या तळ्यांत दयेने सोडत. उघड्या नदीत हा झळकणारा रंग लगेच शिकारी पक्ष्यांच्या नजरेत भरतो. राखलेल्या तळ्यात तो टिकला. इ. स. ९६० ते १२७९ या सुंग राजवंशाच्या काळात हे मासे तळ्यांत मुद्दाम वाढवले जाऊ लागले, आणि पुढे ते मडक्यांत, हौदांत, घरांत आले. सतराव्या शतकात ते युरोपात पोचले. या हजार वर्षांत माणसाने आपल्या हौसेखातर त्याची शेपटी दुहेरी केली, पाठ कुबडी केली, एका जातीचे डोळे कायम आभाळाकडे वळवले आणि एकीच्या डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबत्या ठेवल्या. अजूनही सोनमाशाची पिले जन्मतात ती मातकट रंगाचीच. सोने त्यांच्या अंगावर मागाहून चढते. या इतिहासातली गंमत, किंवा खंत, अशी की त्याची सुरुवात दयेने झाली. दया करता करता आपण असा एक जीव घडवला की ज्याला आपल्या दयेवाचून जाण्यासारखी जागा उरली नाही.

आणि जिथे तो जगतो तिथे इतरांना जगू देत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील बर्न्सव्हिल गावच्या तळ्यात लोकांनी असेच घरचे सोनमासे 'मोकळे' केले. २०२१ साली त्या तळ्यातून फुटबॉलएवढे मासे निघाले, आणि नगरपालिकेला हात जोडून सांगावे लागले की, कृपा करून पाळीव मासे तळ्यात सोडू नका; ते तळ उकरून पाणी गढूळ करतात. म्हणजे माझ्या पुण्याचे बिल कृष्णेतल्या माशांनी भरायचे!

या सगळ्या वाचनात मला महाडजवळच्या वाळणकोंडाची आठवण झाली. काळ नदीच्या त्या खोल डोहात देवीचे मासे आहेत. लोक त्यांना खायला घालतात, पण त्यांना कोणी पकडत नाही. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातही अशीच रीत आहे. तिथे माणसाने काय केले? काहीही केले नाही, एवढेच केले. मासा त्याच्या पाण्यात राहिला आणि माणूस काठावर. माया करण्याचा याहून निर्धोक मार्ग नाही, हे मी मान्य करतो. सोन्या-रुप्याला आणण्यापूर्वी मला हे सुचले असते, तर मी पोरीला घेऊन साताऱ्याऐवजी वाळणकोंडाला गेलो असतो. पण आता रुप्या घरात होता, आणि त्याला कोणताही डोह आपला नव्हता. ज्याला आपण परतीची वाट ठेवली नाही, त्याला 'जा, तू मोकळा आहेस' म्हणणे हे औदार्य नव्हे. ती जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे.

म्हणून रुप्या राहिला. शास्त्राच्या शिक्षकांच्या ओळखीने साठ लिटरची एक जुनी काचपेटी मिळाली, आणि पाणी गाळणारे एक लहानसे यंत्र. ते गोल भांडे आता रांगोळीचे रंग ठेवायच्या कामी येते. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी काढायचे, सगळे कधीही काढायचे नाही. गाळणीतला बोळा नळाखाली घासायचा नाही. काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका खळबळायचा, म्हणजे त्यावरची वस्ती मरत नाही. नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडे ठेवायचे, म्हणजे क्लोरीन उडून जाते. दाणे मोजून टाकायचे, दोन-तीन मिनिटांत संपतील इतकेच. स्वच्छतेच्या नावाखाली सगळे धुऊन काढण्याची आणि प्रेमाच्या नावाखाली पोट फुटेपर्यंत भरवण्याची आपली जी जन्माची सवय, तिला या पेटीपुढे दर रविवारी मुरड घालावी लागते. पहिले सहा आठवडे आमचा जीव टांगणीला होता. आता रुप्या चांगला हातभर पाण्यात सुळकन फिरतो.

'सोनमाशाची आठवण तीन सेकंदांची' असे लोक गमतीने म्हणतात. ते खरे नाही. मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड अ‍ॅग्रानॉफ यांनी १९६० च्या दशकात स्मृती कशी साठते याचा अभ्यास केला तो सोनमाशांवरच. दिवा लागला की विजेचा झटका बसतो, तो चुकवायला पलीकडे पोहून जायचे, हे ते मासे शिकत आणि दिवसांमागून दिवस ध्यानात ठेवत. त्या प्रयोगाची हकीकत वाचताना मला त्या माशांचीही कीव आली. ज्ञानाची किंमत पुष्कळदा भलताच कोणी मोजत असतो. पण त्यामुळे एवढे कळले की रुप्याला आमची आठवण राहते. धाकटीची चाहूल लागली की तो काचेशी येतो. ती त्याला रामराम मात्र करत नाही. आधी तो पाण्याच्या मध्यावर आहे की वर, हे वाकून पाहते.

मी सोन्याचे ऋण फेडले, असे मला म्हणायचे नाही. सोन्याचे ऋण सोन्यालाच फेडता आले असते. दुधाच्या किटल्या पोचवणारा तो मुलगाही आता कुठे आहे मला ठाऊक नाही. फरक पडला तो एवढाच की, वर्गात कोणाची मान खाली पडली तर मी तास संपल्यावर त्याच्या बाकापाशी जाऊन बसतो. पुष्कळदा निष्पन्न काही होत नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिलेला असतो. पण विचारायचे असते. ज्याच्यावर आपली सत्ता चालते त्याच्याबद्दल न जाणणे, ही गोष्ट अडाणीपणात मोडत नाही. तो आळस आहे, आणि आळसाला 'हेतू शुद्ध होता' ही सबब शोभत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. सोनमाशाला सोबत आवडते. रुप्या एकटा आहे. दुसरा आणावा तर पेटी अपुरी पडेल. न आणावा तर त्याचे आयुष्य एकट्याने जायचे, आणि ते दहा-पंधरा वर्षांचेही असू शकेल. तोवर धाकटी सासरी गेलेली असेल आणि मी निवृत्त झालेला असेन. एका फटाक्यांच्या पुड्याच्या किमतीत आपण केवढा लांबचा करार करून बसलो! धाकटी म्हणते, आधी मोठी पेटी, मग सोबती. म्हणजे यंदाही धनत्रयोदशीला सोने नाहीच. विनोद पुन्हा जुन्या जागी आला आहे.

दिवाळी आता तोंडावर आली आहे. पेटीच्या झाकणावर धाकटीने आताच आपल्या अक्षरात एक चिठ्ठी डकवून ठेवली आहे: 'याचा फराळ झाला आहे. दाणे टाकू नयेत.' परवा काकू येऊन गेल्या. रुप्याकडे कौतुकाने पाहत म्हणाल्या, "चांगला टिकलाय हो, गुरुजी. घराला लाभला म्हणायचा!" मी काही बोललो नाही. मानही हलवली नाही. आजी आतून चकलीचा सोऱ्या शोधत ओरडल्या, तशा काकू हसत स्वयंपाकघरात गेल्या.

काळजी एकच आहे. यंदा नरकचतुर्दशी रविवारच्या लगतच येते की काय, हे पंचांगात पाहून ठेवायला हवे. पहाटे अंधारात अभ्यंगस्नानाच्या गडबडीत न्हाणीतल्या दोन बादल्या एकसारख्या दिसतात. गेल्या महिन्यात सौभाग्यवतींनी रुप्याची बादली कपडे भिजवायला घेतली होती. तेव्हापासून तिच्या कडीला तांबडी फीत बांधली आहे. ती बादली कोणी उचलायची नाही. आणि आई सवयीने झाकण ठेवायला गेली तर तिला सांगायचे, "आई, ती उघडीच राहू दे."